सूचनापेटी काढा, वही टांगा : कारखान्यात मोठ्या कल्पना जगवायच्या कशा

कँटीनच्या वाटेवर, हजेरीच्या मशिनशेजारी एक निळी पेटी टांगलेली असते. वर पांढऱ्या अक्षरांत ‘सूचना’. कुलपाची चावी एचआरकडे, आणि एचआरमधला माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. पेटी उघडलीच तर आत उसळीत मीठ जास्त पडल्याची तक्रार, गुटख्याच्या दोन रिकाम्या पुड्या आणि ‘पगार वाढवा’ एवढंच लिहिलेली बिनसहीची चिठ्ठी निघते. मग मालक म्हणतात, ‘आमच्या माणसांना डोकं चालवायलाच नको.’

त्याच कारखान्यातला वायरमन गणपतीच्या आधी आठ दिवस जागून, जुन्या गाडीच्या वायपर मोटरवर हात हलवणारा देखावा मंडळासाठी उभा करतो. ड्रॉइंग नाही, बजेट जेमतेम, मुदत मात्र पक्की. म्हणजे डोकं चालतं, पण फाटकाच्या बाहेर. मंडळात ‘असं केलं तर?’ म्हटलं की समोरून लगेच ‘कर की’ येतं, नाहीतर ‘येडा झालायस का’ येतं. कारखान्यात येतं ते ‘बघू’.

खालची सगळी पद्धत या ‘बघू’ला हद्दपार करण्यासाठी आहे. ५० ते १५० माणसांचं, एक-दोन शिफ्टचं युनिट डोळ्यांसमोर धरलंय. ऑफिस असेल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील. तीन महिने द्यावे लागतात, आणि पहिला महिना स्वप्नांचा नसतो.

पहिला महिना : पंखा आधी

पेटी काढा. तिच्या जागी दोरीने बांधलेली जाड पुठ्ठ्याची फुलस्केप वही टांगा, प्रत्येक लाइनला एक. आडव्या पानावर सात रकाने आखा : तारीख, नाव, अडचण काय, काय करून पाहायचं, उत्तर कोण देणार, कधीपर्यंत, शेवटी काय झालं. वही उघडी असली पाहिजे, कुणीही मागची पानं चाळू शकला पाहिजे. पेटी आणि वहीत खरा फरक एवढाच : पेटीत आपल्या चिठ्ठीचं काय झालं ते कळत नाही, वहीत सातवा रकाना रिकामा आहे हे दहा फुटांवरून दिसतं.

नियम दोन. तीन कामाच्या दिवसांत पहिलं उत्तर, दहा दिवसांत निर्णय. उत्तरंही तीनच चालतील : ‘करूया’, ‘करून पाहूया’, आणि ‘नाही, कारण…’. ‘बघू’, ‘वर कळवलंय’, ‘चांगली सूचना आहे’ ही उत्तरं नव्हेत.

‘नाही’ नीट लिहिणं हे यातलं सगळ्यात अवघड कसब. समजा लेथवरच्या ऑपरेटरने लिहिलं : ‘चिप्सचा (धातूच्या किसाचा) ट्रे दर तासाला दोघांनी उचलावा लागतो, खाली चाकं लावा.’ ‘शक्य नाही’ असं उत्तर दिलं तर तो पुन्हा लिहिणार नाही. ‘चाकं लावली तर ट्रे ६० मिलिमीटर वर येईल आणि कूलंटच्या पाइपला अडेल. पाइप वळवता आला तर करू. मेंटेनन्सला शुक्रवारी दाखवतो, तुम्हीही या’ असं लिहिलं तर पुढची कल्पना पाइपबद्दल येते. कारण सांगितलं की माणसाला कोडं मिळतं.

पहिल्या महिन्यात वहीत येणार ते पंखा, पाण्याचा कूलर, संडासाची कडी, दुसऱ्या शिफ्टचा थंडगार चहा. नाक मुरडू नका, ही परीक्षा आहे. बंद पंख्याखाली उभं राहून पाच वर्षांपुढचा विचार करा म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. हे सगळं पहिल्या चार आठवड्यांत उरका. कोडॅकने १८९८ मध्ये सूचना योजना सुरू केली तेव्हा पहिलं बक्षीस दोन डॉलरचं होतं, आणि सूचना होती खिडक्या धुवा म्हणजे उजेड येईल. टोयोटाचे एजी टोयोडा १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा रूज कारखाना पाहायला गेले, तिथली सूचना योजना त्यांनी पाहिली आणि १९५१ मध्ये टोयोटात आपली सुरू केली. तिथेही भर छोट्या-छोट्या सूचनांवरच राहिला.

लिहिता न येणाऱ्यांची किंवा लिहायला संकोचणाऱ्यांची सोय पहिल्या दिवसापासून हवी. शिफ्ट सुटायच्या आधी १५ मिनिटं एखादा आयटीआयचा अप्रेंटिस वही घेऊन लाइनवर फिरला, विचारलं आणि सांगितलं तसं लिहून घेतलं, की काम भागतं. हिंदीत सांगितलं तर हिंदीत लिहावं. व्हॉट्सॲप ग्रुपचा मोह टाळा. तिथे साहेबांचा अंगठा आला की चर्चा संपते, आणि बाकीचं गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं.

सुपरवायझर हा यातला नाजूक सांधा. लाइनवरची कल्पना त्याला स्वतःविरुद्धची तक्रार वाटते, आणि चूक त्याची नसते, कारण वर तसंच वाचलं जातं. म्हणून वहीतल्या पहिल्या पाच नोंदी सुपरवायझरने स्वतःच्या लाइनबद्दल कराव्यात. त्याच्या मूल्यमापनात ‘किती कल्पना आल्या’ हा आकडा कधीही घालू नका, ‘किती उत्तरं वेळेत दिली’ हा घाला. माणशी महिन्याला दोन कल्पना असा कोटा लावला की २८ तारखेला सगळी वही ‘इथे स्टिकर लावा’ने भरते.

करून पाहायला सामान आणि वेळ

‘करून पाहूया’ म्हटल्यावर गाडी अडते ती स्टोअरच्या खिडकीत. इश्यू स्लिप, मग परचेस, मग तीन कोटेशन. १८० रुपयांच्या बिजागरीसाठी तीन आठवडे गेले की कल्पना सुचलेला माणूसच तिचा नाद सोडतो. त्यासाठी दोन गोष्टी करा.

एक, सुपरवायझरच्या सहीवर एका प्रयोगाला ३,००० रुपयांपर्यंत रोख खर्चाची मुभा, सगळ्या युनिटला मिळून महिन्याला २५,००० ची मर्यादा. अकाउंट्सला बिल चालेल, आगाऊ परवानगी मागू नये. तुमच्या उलाढालीप्रमाणे आकडा कमी-जास्त करा, पण तो आधी जाहीर करा.

दोन, एक कोपरा. तिथे जाड पुठ्ठा, १२ मिलिमीटर प्लायचे तुकडे, अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि एल्बो, स्क्रॅपमधले अँगल आणि पट्ट्या, केबल टाय, मास्किंग टेप, दोन-चार प्रकारच्या स्प्रिंगा, सी-क्लॅम्प, हॅक्सॉ. फिक्श्चरची, म्हणजे पार्ट मशिनवर पक्का धरणाऱ्या पकडीची, कल्पना पुठ्ठ्यात करून मशिनवर धरून पाहिली की निम्मे वाद तिथेच मिटतात : हात आत जातो की नाही, पार्ट उलटा बसतो का, स्पॅनर फिरायला जागा उरते का. आधी पुठ्ठा, मग प्लाय, मग लोखंड. थेट लोखंडात केलेली वस्तू चुकीची आहे हे कबूल करणं सगळ्यांना जड जातं, कारण पैसे गेलेले असतात.

आठवड्यातले दोन तास ठरवून द्या, आणि त्या वेळात एक वेल्डर आणि एक ड्रिल मशीन प्रयोगांसाठी मोकळं ठेवा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे ठेवूच नका. डिस्पॅचच्या धावपळीत ते पहिल्यांदा कापलं जातं आणि एकदा कापलं की कायमचं जातं. एक अट मात्र ताणू नये : मशीनचं गार्ड, इंटरलॉक (गार्ड उघडलं की मशीन थांबवणारी सोय) किंवा इमर्जन्सी स्टॉप काढून होणारी कोणतीही कल्पना, कितीही वेळ वाचत असला तरी, प्रयोगालाही घ्यायची नाही.

मोठा प्रश्न मांडायचा कसा

दुसऱ्या महिन्यात, वहीला उत्तरं मिळतात असा विश्वास बसल्यावर, स्वप्नांकडे वळा. ‘मोठा विचार करा’ असं भाषण देऊन कुणी मोठा विचार करत नाही. प्रश्न तसा पडावा लागतो.

याचा सगळ्यात चांगला धडा प्रेस शॉपमधला आहे. १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसचा सेटअप, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा (डाय), बदलायला चार तास लागत होते, आणि जर्मनीत फोक्सवॅगन तेच काम दोन तासांत करत असे. अभियंते शिगेओ शिंगो यांनी कामाची फोड करून सहा महिन्यांत तो ९० मिनिटांवर आणला. सगळे खूश असताना व्यवस्थापनाने नवा आकडा दिला : तीन मिनिटं. नव्वदचे ऐंशी म्हटलं असतं तर माणसं आणखी जोरात पळाली असती. तीन म्हटल्यावर पळून भागणारच नव्हतं. मग प्रश्नच बदलला : प्रेस थांबवून जी कामं करतो, त्यातली कोणती प्रेस चालू असतानाच उरकता येतील? डाय आणून ठेवणं, उंची जुळवणं, बोल्ट शोधणं ही सगळी बाहेर काढली आणि तीन महिन्यांत तीन मिनिटं साधली.

यातून प्रश्नाची कसोटी मिळते. आकडा असा हवा की आत्ताच्या पद्धतीला कितीही घाम गाळला तरी गाठता येणार नाही. प्रश्नात उपाय लपलेला नसावा. आणि ज्याच्याबद्दल विचारताय ते जागेवर जाऊन डोळ्यांनी बघता आलं पाहिजे. ‘आपण जागतिक दर्जाचे कसे होऊ?’ हा प्रश्न तिसऱ्या कसोटीलाच पडतो, दर्जा कुठे जाऊन बघणार? ‘नवीन क्रेन घेतली तर किती वेळ वाचेल?’ यात उपाय आधीच ठरलाय.

सोपा साचा असा : ‘अमुक न करता तमुक कसं होईल?’ पार्ट न उचलता पुढच्या मशिनवर कसा जाईल? बर (कापल्यावर कडेला उरणारी धातूची खरखरीत धार) न काढता पार्ट पुढे कसा देता येईल, म्हणजे बर मुळात येणारच नाही असं काय करता येईल? तपासणी न करता चुकीचा पार्ट पुढे जाऊच नये म्हणून काय? एका वेळी एकच प्रश्न घ्या, तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत आठवडाभर नुसता लिहून ठेवा. बैठकीआधीच तो डोक्यात घोळत राहतो, आंघोळ करताना, बसमध्ये. ही आठ दिवसांची मुरवण गाळू नका.

सहा माणसं, ८५ मिनिटं

आपल्याकडच्या नेहमीच्या बैठकीत साहेब आधी बोलतात, दोघे मान हलवतात, एक धीट माणूस वीस मिनिटं घेतो आणि उरलेले चहा केव्हा येतो ते बघतात. मोठ्याने एकत्र कल्पना सुचवण्याच्या पद्धतीत ही खोट मुळातच आहे. येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या प्रयोगात दिसलं की एकत्र बसून बोलणाऱ्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने लिहिलेल्या कल्पना मिळून जास्त भरतात. १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी मुख्य कारण दाखवलं : एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं. आपल्याकडे त्यात हुद्द्याची भर.

म्हणून लिहून करा. बेर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये मांडलेली ६-३-५ पद्धत शॉप फ्लोअरला चपखल बसते : सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत १०८ रकाने भरतात. त्यात पुनरुक्ती भरपूर असते, चालेल.

माणसं निवडताना त्या मशिनचे दोन ऑपरेटर, मेंटेनन्सचा एक, क्वालिटीचा एक, स्टोअर किंवा परचेसचा एक, आणि एक पूर्ण बाहेरचा : अकाउंट्समधली बाई, सिक्युरिटीचा माणूस किंवा आठवड्यापूर्वी लागलेला ट्रेनी. बाहेरच्याला ‘हे असं का करता?’ विचारायची लाज वाटत नाही, आणि इतरांना त्याचं उत्तर देता येत नाही हे त्यांनाच तेव्हा कळतं. साहेब पहिली ७० मिनिटं खोलीत नसावेत. दारातून डोकावूही नये.

आधी १० मिनिटं सगळ्यांनी मशिनजवळ गप्प उभं राहून नुसतं बघायचं. मग खोलीत ए-फोर कागद आडवा धरून तीन उभे आणि सहा आडवे रकाने, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन, ३० मिनिटांत सहा फेऱ्या. चित्र काढलं तरी चालतं. फिक्श्चरबाबत तर चित्रच बरं. बोलायचं नाही. तिसऱ्या फेरीला हमखास पेनं थांबतात, कारण ओळखीचं सगळं लिहून झालेलं असतं. खरी फेरी इथून सुरू होते, म्हणून इथे थांबू देऊ नका. आधीच तयार ठेवलेली एकेक चिठ्ठी वाटा : ‘हे काम डबेवाले करत असते तर पार्टवर खूण कशी केली असती?’, ‘दूध डेअरीत हे कसं वाहून नेतात?’, ‘वीज नसती तर?’, ‘मशीन उलटं टांगलं तर?’ प्रश्न वेडगळ असला तर उत्तम, डोकं नेहमीच्या रुळावरून उतरवणं हेच त्याचं काम.

मग १० मिनिटं चहा. नंतर २० मिनिटं कागद भिंतीवर चिकटवून निवड. यासाठी ठिपक्यांचे महाग स्टिकर आणायची गरज नाही, टिकल्यांचं पाकीट पुरतं. प्रत्येकाला तीन टिकल्या : दोन ‘लगेच करता येईल’ अशा कल्पनांना, आणि एक सक्तीने ‘होणं अशक्य वाटतं पण झालं तर मजा येईल’ अशा कल्पनेला. ही सक्ती नसेल तर सगळ्या टिकल्या सोप्याकडे जातात आणि अख्ख्या खटाटोपातून एक नवा ट्रॉलीचा दांडा निघतो. शेवटच्या १५ मिनिटांत साहेब येतात, ऐकतात आणि तीनच शब्दांत बोलतात : ‘पहिला प्रयोग कधी?’

उरलेल्या कल्पना फेकू नका. ‘वेडी फाइल’ नावाच्या फाइलीत लावा आणि ती वर्षातून दोनदा उघडा : गुढीपाडव्याच्या आठवड्यात आणि खंडेनवमीला. खंडेनवमीला मशिनं पुसून हळदकुंकू लावून बंदच असतात, माणसं प्रसन्न असतात, पेढे असतात. गेल्या वर्षी सेन्सर महाग म्हणून बाजूला पडलेली कल्पना यंदा परवडते, असं त्या वेळी सहज लक्षात येतं.

स्वप्नाचं एक पान

निवडलेल्या मोठ्या कल्पनेसाठी अहवाल मागू नका, एकच पान मागा. त्यावर पाच ओळी : आम्हाला काय वाटतं, सगळ्यात स्वस्तात ते कसं तपासता येईल, कोणता आकडा आला तर थांबायचं, कोण करणार, कोणत्या तारखेला बघणार. तिसरी ओळ प्रयोगाआधी लिहून सही करून घेणं फार महत्त्वाचं. नंतर लिहिली तर प्रत्येक अपयशाला ‘आणखी पंधरा दिवस’ मिळतात. पहिल्या प्रयोगाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असतील तर तो पुरेसा छोटा केलेला नाही.

सही करण्याआधी १० मिनिटं उलटा खेळ खेळा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही युक्ती. सगळ्यांना सांगायचं : ‘सहा महिने झाले, हे पार फसलं. का फसलं ते लिहा.’ ‘धोके काय आहेत?’ विचारलं तर माणसं साहेबांचा उत्साह मोडायला धजत नाहीत. फसलंच असं धरून विचारलं की मोकळेपणाने लिहितात. त्यात एक प्रश्न आवर्जून घाला : ‘हे वापरायचं कुणी टाळलं, आणि का?’ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावला लोखंडी नांगर केला तेव्हा नांगरात दोष नव्हता. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिली विक्री व्हायला दोन वर्षं गेली. तुमच्या नव्या फिक्श्चरबद्दल दुसऱ्या शिफ्टची अशीच काही समजूत असेल, ती प्रयोगाआधी कानावर यायला हवी.

प्रयोग फसला तर २० मिनिटं बसा आणि तिघांनाच विचारा, ज्यांनी हात लावला त्यांना : काय होईल वाटलं होतं, काय झालं, आता काय माहीत झालं. पानावर लिहून वहीतच चिकटवा. टाटा समूहाच्या इनोव्हिस्टा स्पर्धेत ‘डेअर टू ट्राय’ हा विभागच फसलेल्या धाडसी प्रयत्नांसाठी आहे. लहान युनिटमध्ये ट्रॉफी नसली तरी त्या तिघांना पुढच्या प्रश्नाच्या बैठकीत पहिली जागा द्या. फसलेल्याला पुन्हा बोलावलं की बाकीचे ते बघत असतात.

पैसा, नाव आणि नॉर्म

सगळ्यात जास्त योजना इथे मरतात.

ऑपरेटरने युक्ती काढली आणि तासाला ४० ऐवजी ५२ पार्ट निघू लागले. पुढच्या सोमवारी इंडस्ट्रियल इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन आला आणि नॉर्म, म्हणजे तासाला काढायलाच हव्यात अशा पार्टचा आकडा, ५२ केला. इन्सेंटिव्ह गेला, शेजारच्या मशिनवाल्याने शिव्या घातल्या. यानंतर त्या वहीत काहीही येणार नाही, आणि का येत नाही हे तुम्हाला कुणी सांगणारही नाही. म्हणून लेखी जाहीर करा : कामगाराच्या कल्पनेमुळे वाढलेला आकडा किमान सहा महिने नॉर्ममध्ये धरला जाणार नाही, आणि कल्पनेमुळे कुणाचं काम जाणार नाही, माणूस दुसऱ्या मशिनवर जाईल. युनियन असेल तर तिच्याशी बोलून आणि तिच्या सहीने करा. हे जाहीर करायची तयारी नसेल तर बाकीची पद्धत सुरूच करू नका.

बक्षीस बचतीच्या टक्क्यांत देऊ नका. ऐकायला न्याय्य वाटतं, प्रत्यक्षात बचत किती यावर अकाउंट्सशी आणि कल्पना कुणाची यावर दोन शिफ्टमध्ये भांडण होतं. अमलात आलेल्या प्रत्येक कल्पनेला सरसकट ठरावीक रक्कम द्या, समजा ३०० रुपये, त्याच आठवड्यात, लाइनवर सगळ्यांसमोर. मोठ्या प्रयोगाला वर्षअखेरीस पूर्ण गटाला. कंत्राटी कामगाराचं बक्षीस कंत्राटदाराच्या बिलात अडकतं. ते कसं द्यायचं हे अकाउंट्सकडून आधीच ठरवून घ्या.

नाव मात्र काटेकोरपणे जपा. ग्राहकाच्या ऑडिटला ती सुधारणा दाखवायची असेल तर ज्याची कल्पना त्यानेच दाखवावी, मोडक्यातोडक्या हिंदीत का होईना. आणि कल्पना खरोखर नवी, पेटंट होण्याजोगी वाटली तर बाहेर कुणालाही, व्हिडिओलाही, दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल करा. एकदा उघड झाली की नवेपणाचा दावा धोक्यात येतो. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातात. अर्जदार कंपनी असू शकते, शोधकर्ता म्हणून नाव मात्र ज्याने शोध लावला त्याचंच लागतं, आणि कंपनीला हक्क त्याच्याकडून लेखी घ्यावा लागतो. तिथे मॅनेजरचं नाव घुसडण्याचा मोह कायद्यानेही अंगाशी येतो.

तिसऱ्या महिन्याअखेर काय मोजायचं

कल्पनांची संख्या नाही. पहिल्या उत्तराला सरासरी किती दिवस लागले? एकदा तरी वहीत लिहिलेली माणसं एकूण माणसांपैकी किती? त्यात कंत्राटी, स्त्रिया आणि दुसऱ्या शिफ्टची किती? ‘नाही, कारण…’च्या उत्तरावर पुन्हा सुधारून आलेल्या कल्पना किती? हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका, कारण तो शून्य असेल तर तुमची कारणं कोडी नाहीत, दारं आहेत.

आणि एखाद्या लाइनची वही अचानक गप्प झाली तर बैठक बोलावू नका, फलक लावू नका. शेवटची लिहिलेली पाच-सहा पानं उघडा आणि सातवा रकाना कुठे रिकामा राहिलाय ते बोटाने शोधा. त्या नोंदीखाली ज्याचं नाव आहे त्याच्या मशिनपाशी आजच्या शिफ्टमध्ये जा आणि उत्तर तोंडी द्या, मग वहीत लिहा.